अप्पांचा पहिला शनिवार

फाटकाशी हॉर्न वाजला तेव्हा अप्पा व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसून कराडहून आणलेलं वर्तमानपत्र तिसऱ्यांदा वाचत होते. मी आत भाकरी थापत होते. ज्वारीचं पीठ त्यांनीच आणलं होतं, विमानात मांडीवर घेऊन.

हॉर्न पुन्हा वाजला. तो मला ओळखू आला. पिठाचे हात तसेच घेऊन मी बाहेर धावले.

"कोण आलंय?" अप्पांनी विचारलं.

"ऑफिसातली माणसं आहेत. मी बघते."

"शनिवारी?"

फाटकाबाहेर हेंद्रिकची जुनी जीप उभी होती. हेंद्रिक साठीकडे झुकलेला डच माणूस. आमच्या जाहिराती ज्या छापखान्यात छापल्या जात, त्याचा तो मुख्य होता. अंगात आखूड चड्डी, विटलेला बनियन आणि पायांत चिखलाने कायमचे तांबडे झालेले बूट. शेजारच्या सीटवर रत्ना, एका बँकेत अधिकारी असलेली जावानीज बाई, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. तीही पळण्याच्याच कपड्यांत.

"दोन शनिवार आली नाहीस," हेंद्रिक म्हणाला. "फोनवर नीट बोलत नाहीस. रत्नाला वाटलं पुन्हा आजारी पडलीस. म्हणून बघायला आलो."

"मी बरी आहे. माझे वडील आलेत भारतातून," मी हळू आवाजात म्हणाले. "ते आहेत तोवर मला जमायचं नाही. तुम्ही निघा, उशीर होईल."

"वडील आलेत आणि तू सांगितलं नाहीस?" रत्ना जीपमधून उतरलीच. "त्यांना भेटल्याशिवाय कसं जायचं?"

ही गोष्ट त्र्याण्णव सालची. मी जकार्तातल्या एका जाहिरात कंपनीत आर्ट डायरेक्टर होते. साबण, नूडल्स, डासांच्या अगरबत्त्या यांच्या जाहिराती करायचे. वय चौतीस. साताऱ्याला दिलेली होते, तिथून दोन वर्षांत परत आले होते, ते कायमचंच. मग मुंबईत नोकरी केली, आणि तिथून संधी मिळाली तशी इथे निघून आले. कराडात या सगळ्याला 'शैला नांदली नाही' एवढे तीनच शब्द होते. घरी मी असं भासवलं होतं की माझ्या आजूबाजूला चार-पाच भारतीय कुटुंबं राहतात, एक गुजराती वहिनी माझ्यावर लक्ष ठेवून असतात. गुजराती वहिनी कुठेच नव्हत्या. माझी माणसं होती ती ही, शनिवारची.

आमच्या त्या मंडळाचा खेळ सोपा होता. परदेशातून नोकरीसाठी आलेले लोक आणि त्यांचे स्थानिक मित्र मिळून साठ-सत्तर जण शनिवारी दुपारी शहराबाहेर जमायचे. दोघे जण सकाळीच जाऊन शेतांतून, ओढ्यांतून, टेकड्यांवरून कागदाचे कपटे टाकून वाट आखायचे. मधे मधे मुद्दाम खोट्या वाटा. बाकीच्यांनी ती वाट शोधत पळायचं. ज्यांना पळायचं नाही त्यांनी जवळच्या वाटेनं चालायचं. संध्याकाळी सगळे एकत्र आले की गोल करून उभं राहायचं, थट्टामस्करी करायची, बिअर प्यायची. पैज नाही, बक्षीस नाही.

अप्पा येणार कळल्यावर मी पळण्याचे बूट माळ्यावर टाकले. फ्रीजमधल्या बाटल्या शेजारी देऊन टाकल्या. भिंतीवरचा फोटो काढला. त्यात मी डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेली होते आणि माझ्या खांद्यावर हेंद्रिकचा हात होता.

"जग बघायला येतोय," असं अप्पा फोनवर म्हणाले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस पंढरीच्या पलीकडे क्वचित गेला असेल. मला नवल वाटलं होतं, पण मी विचारलं नाही. आमच्यात विचारायची पद्धत नव्हती.

रत्नानं अप्पांना वाकून नमस्कार केला, तिच्याकडच्या रीतीने, त्यांचा हात आपल्या कपाळाला लावून. अप्पा गोंधळून उभे राहिले. मग हेंद्रिकनं हात पुढे केला. अप्पांनी त्याच्या उघड्या मांड्यांकडे एकदा पाहिलं आणि हात मिळवला.

"आम्ही पळायला निघालो आहोत," हेंद्रिक आपल्या तुटक इंग्रजीत म्हणाला. "तुमची मुलगी दर शनिवारी येते. चांगली पळते. पहिल्या दहांत."

अप्पांनी माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "तू पळतेस?"

शाळेत असताना मी पळण्याच्या शर्यतीत तालुक्याला पहिली आले होते. आठवीत आईनं आणि अप्पांनी मिळून ठरवलं की आता पुरे, आणि ते पुरे झालं. त्यावर घरात पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

"व्यायाम म्हणून," मी म्हणाले.

अप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "किती लांब आहे?"

"तासभर गाडीनं. तुम्हाला त्रास होईल, अप्पा. तिथं चिखल असतो, माणसं कशीही असतात…"

"पस्तीस वर्षं कालव्याच्या कडेनं चाललो," अप्पा म्हणाले. "माझी छत्री कुठं ठेवलीस?"

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास येत होता. मी गॅस बंद करायला आत गेले आणि येताना माळ्यावरचे बूट काढून आणले.

*

बोगोरच्या दिशेनं डोंगर सुरू होतात तिथे भाताच्या खाचरांत ती वाट आखलेली होती. अप्पा पूर्ण बाह्यांचा सदरा, विजार, कॅनव्हासचे बूट आणि हातात छत्री अशा थाटात उतरले. उघड्या अंगाचे ऑस्ट्रेलियन, चट्ट्यापट्ट्याच्या मोज्यांतल्या जर्मन बायका, दंडावर गोंदलेले तेलकंपन्यांचे इंजिनियर, या सगळ्यांतून ते छत्री टेकवत शांतपणे गेले. मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

त्यात कॉलिन तिथे होता. कॉलिन माझा वरिष्ठ, इंग्रज, लेखन आणि मांडणी दोन्हीवर शेवटचा शब्द त्याचा. गेली दोन वर्षं माझं काम त्याच्या टेबलावरून सहसा पहिल्या फेरीत पास होत नसे. गेल्याच आठवड्यात साबणाच्या जाहिरातीचे माझे पाचही लेआऊट त्यानं बाजूला सारले होते. "यात तू कुठे आहेस?" एवढंच म्हणून. आपण या माणसाला नको आहोत, अशी माझी खात्री झाली होती. शनिवारी मी त्याच्यापासून दूर पळायचे. शब्दशः.

"तू पळ," हेंद्रिक मला म्हणाला. "मी गुडघ्यामुळे आज चालणाराच आहे. वडिलांबरोबर मी राहतो."

"इंग्रजी कळतं त्यांना, पण बोलायला…"

"माझं इंग्रजी तरी कुठे धड आहे?"

मी अप्पांकडे पाहिलं. ते बांधावर उभे राहून खाचरातलं पाणी कुठून येतं ते निरखत होते. मान न वळवता म्हणाले, "जा."

आणि मी पळाले. दोन आठवड्यांत पाय आखडले होते. पहिला चढ जड गेला, मग श्वास लागला आणि सुटला. कपट्यांची वाट एका बांबूच्या पुलावरून ओढ्यापलीकडे गेली, खोटी निघाली, सगळे हसत मागे फिरलो. केळीच्या बागेतून, एका शाळेच्या अंगणातून, मुलांच्या आरड्याओरड्यातून. डोंगराच्या कुशीतून वळसा घेताना वर पाहिलं तर पायवाटेवर दोन माणसं दिसली. एक उंच, एक छत्रीवाला. छत्रीवाला थांबला होता. तो माझ्याकडेच पाहत होता, एवढ्या लांबूनही ते कळलं. मी हात केला नाही. त्यांनीही केला नाही.

परतले तेव्हा उन्हं कलली होती. ट्रकच्या मागच्या फळीवर बर्फात बाटल्या ठेवल्या होत्या. मी मुद्दाम पाण्याचा पेला घेतला. थोड्या वेळानं चालणारे आले. हेंद्रिक पुढे होता आणि नेहमीसारखा बोलत नव्हता. अप्पा चार पावलं मागे.

"दमलात?" मी विचारलं.

"नाही."

"काय झालं अप्पा?"

"काही नाही. तू अजून तशीच पळतेस," ते म्हणाले. "मुठी छातीजवळ घेऊन."

एवढं बोलून ते छत्रीच्या मुठीकडे बघत राहिले. मी हेंद्रिकला बाजूला घेतलं. "तुम्ही काय बोललात त्यांच्याशी?"

हेंद्रिकनं कपाळ चोळलं. "त्यांनी विचारलं, तुम्ही सकाळी पुन्हा आजारी म्हणालात, ती कधी आजारी होती? मी सांगितलं. मला वाटलं त्यांना माहीत असणार. शैला, वडिलांना कसं माहीत नाही?"

आदल्या वर्षीच्या जानेवारीत मला डेंग्यू झाला होता. घरी सांगितलं होतं की शूटिंगसाठी सुराबायाला आहे, तिथे फोन लागत नाही. खरं तर मी इस्पितळात होते, आणि मधले काही दिवस शुद्धीतच नव्हते. माझा रक्तगट बी निगेटिव्ह. इंडोनेशियन लोकांत निगेटिव्ह रक्त फार क्वचित सापडतं, रक्तपेढीत नव्हतंच. रत्नानं शनिवारच्या यादीतल्या सगळ्या गोऱ्या लोकांना फोन लावून माणसं गोळा केली होती. त्यांतल्या हेंद्रिकचं नाव तेवढं मला ठाऊक होतं, कारण पुढे कित्येक महिने तो मला 'आमची अर्धी डच' म्हणायचा. बाकीच्यांबद्दल मी विचारलं तेव्हा रत्ना म्हणाली होती, ज्यांनी दिलं त्यांनी विसरून जायचं असतं.

"अप्पा," मी जवळ जाऊन म्हणाले, "तुम्ही काळजी कराल म्हणून…"

"घरी बोलू," ते म्हणाले.

तेवढ्यात डंकननं शिट्टी फुंकली. डंकन स्कॉटिश इंजिनियर, पूल बांधायचा, आमच्या मंडळाचा म्होरक्या. सगळे गोल करून उभे राहिले. नव्या पाहुण्याला मधे बोलावून तीन प्रश्न विचारायचे हा रिवाज होता. कुठून आलास, कोणी आणलं, कशासाठी आलास. त्यावर काहीतरी पाचकळ उत्तर यायचं, सगळे हसायचे आणि पाहुण्याला पेला रिकामा करावा लागायचा. अप्पांना यातून वगळा म्हणून मी डंकनला खूण करत होते, पण त्याची पाठ माझ्याकडे होती.

"छत्रीवाले गृहस्थ," तो म्हणाला, "पुढे या."

अप्पा पुढे गेले. कुणीतरी त्यांच्या हातात बिअरचा पेला दिला. तो त्यांनी न बोलता हेंद्रिककडे दिला.

"कुठून आलात?"

"कराड. महाराष्ट्र. इंडिया," अप्पा स्वच्छ इंग्रजीत म्हणाले.

"कोणी आणलं?"

अप्पांनी हेंद्रिककडे बोट दाखवलं. हशा झाला.

"आणि जकार्ताला कशासाठी आलात?"

अप्पा माझ्याकडे वळले. मग त्यांनी मला जवळ बोलावलं. "मला इंग्रजी नोकरीपुरतं येतं," ते मराठीत म्हणाले. "हे मी आपल्या भाषेत बोलतो. तू त्यांना सांग. शब्द बदलू नकोस."

मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. साठ-सत्तर लोक, घामेजलेले, चिखलाचे, हातात पेले धरून आमच्याकडे पाहत होते.

"यांना सांग, मी जग बघायला आलेलो नाही. मी माझ्या लेकीला परत न्यायला आलोय."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"सांग."

मी सांगितलं. माझ्याच तोंडून, इंग्रजीत, माझ्या मित्रांना. हशा थांबला. मागे कुणीतरी पेला खाली ठेवला.

"तिच्यासाठी एक स्थळ आहे. कोल्हापूरचे शिक्षक आहेत, विधुर, माणूस भला आहे. तिच्या भावानं, उत्तमनं, बोलणी केलीत. मी त्यांना शब्द दिलाय की तिला घेऊन येतो."

तेही मी सांगितलं. माझा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता. रत्ना तोंडावर हात ठेवून उभी होती.

"आज मला कळलं की गेल्या वर्षी ही मरता मरता वाचली. हिला जे रक्त हवं होतं ते माझं आहे. हिला ते माझ्याकडून आलंय. आणि मी कराडात होतो." त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं चष्मा पुसला आणि परत लावला. "त्यांना सांग, ज्यांनी रक्त दिलं त्यांनी पुढं यावं. मला त्यांची तोंडं बघायची आहेत."

शेवटची दोन वाक्यं मी कशीबशी सांगितली. मग हेंद्रिक दोन्ही हातांत पेले घेऊन पुढे आला, ते कुठे ठेवावे हे त्याला कळेना. शाळेत संगीत शिकवणारी जर्मन बाई, जिच्याशी मी फारतर दहा वाक्यं बोलले असेन, ती आली. आणि मग डावीकडून, खाली बघत, कॉलिन आला.

मला वाटलं त्याला बोलणं कळलं नसावं.

अप्पांनी आधी जर्मन बाईला हात जोडले. मग हेंद्रिकला. कॉलिनसमोर आल्यावर त्यांनी हात जोडले आणि मग त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, सोडलाच नाही. कॉलिन लाल झाला. तो एकदा माझ्याकडे, एकदा जमिनीकडे बघत होता.

डंकनला या प्रकाराचं काय करावं समजेना. तो हळूच म्हणाला, "मग, सर, तुम्ही तिला घेऊन जाणार?"

मी ते मराठीत सांगितलं. अप्पांनी कॉलिनचा हात सोडला, छत्री उचलली आणि म्हणाले, "त्यांना सांग, ते आमचं आम्ही बघू."

मी जसंच्या तसं सांगितलं. आधी रत्ना हसली, मग सगळेच. कुणी बिअरऐवजी अप्पांना शहाळं आणून दिलं, ते त्यांनी उभ्यानं संपवलं.

निघताना मी कॉलिनला त्याच्या गाडीपाशी गाठलं. "तू मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगायचं काय त्यात?" तो बुटाच्या नाड्या सोडवत होता. "सांगितलं असतं तर तुझं काम मला पुन्हा नाकारता आलं नसतं. आणि ते लेआऊट खरंच वाईट होते, शैला. तू त्याहून बरं करतेस."

मी हसायला गेले आणि मला रडू आलं. तो नाड्या सोडवत राहिला, जरुरीपेक्षा जास्त वेळ.

*

परतीच्या वाटेवर जीपमध्ये अप्पा पुढे हेंद्रिकशेजारी बसले होते. शहराचे दिवे दिसायला लागले तेव्हा अप्पा मान न वळवता मराठीत म्हणाले, "उत्तमला मी फोन करतो. कोल्हापूरच्या मंडळींनाही मीच कळवीन. तू मधे पडू नकोस."

"तुम्ही शब्द दिलाय त्यांना."

"मी दिलाय. मीच परत घेईन." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पुढच्या शनिवारी कुठं आहे?"

"तुमचं परतीचं विमान गुरुवारचं आहे, अप्पा."

"ते पुढं ढकलता येत असेल की. या साहेबाला विचार."

अप्पा आणखी सहा आठवडे राहिले. दर शनिवारी आले, छत्री घेऊन, चालणाऱ्यांत. त्यांना तिकडे एक नावही मिळालं, 'कालवा'. घरी गेल्यावर उत्तमदादानं त्यांच्याशी बरेच दिवस अबोला धरला असं मला आईकडून कळलं. मी जकार्तात पुढे आठ वर्षं काढली. साबणाची ती जाहिरात सहाव्या खेपेला कॉलिननं पास केली, आणि आम्ही शेवटपर्यंत कामावरून भांडत राहिलो. आज ही माणसं विखुरली. हेंद्रिक गेला. रत्ना जोगजकार्तात नातवंडांत रमली आहे, मधूनमधून तिचा फोन येतो.

त्या वर्षापासून अप्पांनी एक सवय लावून घेतली. रविवारी सकाळी फोन करायचे. तब्येत कशी, पगार वेळेवर होतो का, परत कधी येणार, यांतलं काही विचारत नसत. एवढंच विचारायचे, "काल किती जण होते?" मी म्हणायचे साठ, पंचावन्न, पाऊस होता म्हणून चाळीस. "बरं," म्हणून ते फोन आईकडे द्यायचे.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात शहरात दंगली झाल्या. दुकानं जळली, परदेशी लोक मिळेल त्या विमानानं निघून गेले. आमच्या कंपनीनंही बाकीच्यांना सिंगापूरला हलवलं. मी आणि कॉलिन मागे राहिलो होतो. त्या शनिवारी शहराबाहेर जाणं शक्यच नव्हतं. रत्नाच्या अंगणातच आम्ही भिंतीच्या कडेनं दहा-बारा फेऱ्या मारल्या आणि तिनं केलेला भात खाल्ला.

रविवारी फोन वाजला. कराडात त्यांनी टीव्हीवर सगळं पाहिलं होतं. मागून उत्तमदादाचा आवाज येत होता, तिला म्हणावं आत्ताच्या आत्ता निघ, मी मुंबईला घ्यायला येतो.

"काल किती जण होते?" अप्पांनी विचारलं.

मला खोटं सांगता आलं असतं. "चौघं," मी म्हणाले. "हेंद्रिक, रत्ना, कॉलिन आणि मी."

दादा अजून बोलतच होता. अप्पांनी रिसीव्हरवर हात ठेवला नाही, मला ऐकू जावं अशाच बेतानं ते त्याला म्हणाले, "थांब जरा. चौघं आहेत तिथं."